माझ्या लेखाचा प्रभाव कुठे लिहू?

मित्रांनो, आज डोकं पार चक्रावलंय. आर्वी तालुक्यातल्या एका गावच्या बसथांब्यावर मुलींना होणाऱ्या त्रासावरचा माझा लेख गुन्हे आणि सुरक्षा या विषयाच्या एका जर्नलमध्ये आला होता. आज मी शिकवते त्या कॉलेजात वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मसाठी, इतरांनी केलेल्या उल्लेखांवरून, त्याचा प्रभाव मोजला.

दुसऱ्या संशोधकांनी त्याचा उल्लेख एकदाच केलाय, तोही 'पद्धत चुकीची' म्हणून. तरी एक गुण मिळाला!

दुपारी त्या गावच्या पोलीस पाटील ताईंचा फोन आला. "मॅडम, तुमचा लेख ग्रामसभेले समजावून सांगतला. थांब्यावर लाइट लागला. पोरी आता संध्याकाळच्या क्लासले जाऊन राह्यल्या."

हे फॉर्ममध्ये कुठे लिहू, असं मी आमच्या क्लार्कभाऊंना विचारलं.

"याले कॉलमच नाई, मॅडम."

मी तशीच सही केली. तुम्ही केली असती का?