मंजूर न झालेला मे महिना

आमच्या एसी दुरुस्तीच्या कंपनीत बिनकामाच्या माणसाची सुट्टी लगेच मंजूर होते. तो नसला तर कोणाचं काही अडत नाही. चांगल्या माणसाला मात्र 'तुमच्याशिवाय कसं चालायचं' हे ऐकावं लागतं. कुवेतमधल्या फहाहीलच्या या ऑफिसात मी हिशेब बघते, आणि हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या भाईंना ते दरवर्षी ऐकावं लागे. भाई रत्नागिरीकडचे. कुठला मेकॅनिक कुठल्या घरी पाठवायचा, हे ठरवायचं काम त्यांचं. कुवेतच्या उन्हाळ्यात एसी बंद पडला की माणसं फोनवर अंगावर येतात, आणि भाई त्यांना शांत करत. त्यामुळे गावी जायचं ते थंडीतच, हे ठरूनच गेलेलं.

यंदा त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं. नवरा मुलगा जहाजावर नोकरीला, त्याला तेवढीच सुट्टी. भाईंनी थंडी सरायच्या आतच मॅनेजरकडे शब्द टाकला. मॅनेजर आपलाच, मराठी. म्हणाला, "भाई, डिसेंबरात नाही का करता येणार?"

इथून देशाबाहेर पडायला हल्ली कंपनीची मंजुरी लागते. फोनवर अर्ज करायचा आणि वरून होकार येण्याची वाट बघायची. भाईंचा अर्ज तसाच पडून राहिला. त्याऐवजी त्यांना बढती मिळाली, टेबलावर नवी पाटी आली. सगळ्या स्टाफला खैरानला समुद्रकाठच्या शॅलेवर, म्हणजे भाड्याच्या बंगल्यावर नेलं, तिथे भाषण झालं की आपण सगळे एक कुटुंब आहोत. भाई हातात कबाबची प्लेट घेऊन उभे होते. मला इतका संताप आला की मी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. नोकरी सोडली म्हणजे आपण सुटलो, असा त्यांचा भाबडा हिशेब. इथे नोटिशीचे तीन महिने असतात. कामचुकाराला कंपनी हसत हसत ते माफ करते. भाईंच्या बाबतीत मॅनेजर म्हणाला, "नवा माणूस तयार करून द्या, मग खुशाल जा." भाईंनी हात जोडले. मीही आत जाऊन भांडले. मॅनेजरने मला माझ्या कामाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

भाई नोटिशीत असतानाच, मे महिन्यात एका दुपारी निकाह झाला. बापाच्या जागी भाईंचा धाकटा भाऊ बसला. भाईंनी फोन कॉम्प्युटरला टेकवून ठेवला होता. ऑफिसचे फोन मध्येमध्ये वाजत होते आणि ते उचलून सांगत होते, "माणूस निघालाय, येतोच." मुलगी स्क्रीनवर आली तेव्हा कोणीतरी एगैला भागातून कुलिंग होत नाही म्हणून ओरडत होतं. भाई त्याच्याशी अदबीने बोलले. त्यांचं बोलणं होईपर्यंत मुलीला आत नेलं होतं.

नोटीस संपवून भाई गावी गेल्यावर पंधरवड्याने मॅनेजरने मीटिंग बोलावली. विषय, चांगली माणसं का टिकत नाहीत. कोणीतरी पगार म्हणालं, कोणी मेडिकल इन्शुरन्स. मी म्हटलं, त्यांना वेळेवर घरी जाऊ द्या. मॅनेजरने मान डोलावली आणि पुढच्याला विचारलं. त्या मीटिंगचं मला एवढंच आठवतं.

भाईंचा शेवटचा दिवस मात्र चांगला आठवतो. केक कापून झाल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणाले, "आता काय भाई, लेकीला पोटभर भेटा."

"ती सासरी गेली, बाय," ते म्हणाले. "आता तिच्याकडं पाहुणा म्हणून जायचं. र्‍हावा म्हणाले तर र्‍हायचं, नायतर चहा घेऊन परत यायचं."