सिस्टरचा पांढरा पाइप

दुकानात पाइप चावून बघणारी बाई मी एकच पाहिली. इथे आखातात, इंडस्ट्रियल एरियातल्या एका दुकानात तिने पाइपाचं टोक आधी नाकाशी धरलं, मग दाताखाली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकदम फूड ग्रेड है." ती म्हणाली, "छापा हुआ दिखाओ." 'पिण्याच्या पाण्याचा' असं पाइपावर कुठेच छापलेलं नव्हतं. "यल्ला आजी, चला, पुढचं दुकान," म्हणत तिने मला उन्हातून चालवलं. तिसऱ्या दुकानातला पांढरा पाइप तिला पटला. पटला म्हणजे तिने तो विकत घेतला, विश्वास ठेवला नाही.

ती वसईची. हॉस्पिटलात नर्स, अल हिलाल भागात आमच्याच व्हिलातल्या खालच्या खोलीत एकटी राहायची. सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही. थंडी पडली की ती आणि आम्ही मिळून समैस्मा गावाच्या पुढे समुद्राकाठी एक कॅराव्हॅन भाड्याने घ्यायचो. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. आत ओटा, मोरी, संडास, आणि पाण्याची टाकी. कॅम्पच्या टोकाला गोड्या पाण्याचा नळ होता. त्याला पाइप जोडून आपली टाकी आपण भरायची.

नवा पाइप आणला की ती त्यात पाणी भरून गच्चीवर दिवसभर तापत ठेवायची. संध्याकाळी ते पाणी चाखायची. प्लास्टिकची चव लागली तर पुन्हा धुवायची, पुन्हा भरायची. माझा मुलगा प्रकाश म्हणायचा, "सिस्टर, पाइप आहे, पेशंट नाही." ती म्हणायची, "पेशंट दुखतंय म्हणून सांगतो तरी. हा काय सांगणार?"

वापरून झाल्यावर एक टोक वर धरून ती सगळं पाणी निथळून काढायची, वाळवायची, आणि पाइपाची दोन्ही तोंडं एकमेकांत फिरवून बंद करायची, आत किडामुंगी जायला नको म्हणून. मग ते वेटोळं कापडी पिशवीत, सावलीतल्या कपाटात. संडास धुवायचा हिरवा पाइप कॅराव्हॅनच्या दुसऱ्या अंगाला, बाहेर. पांढऱ्याला कोणी हात लावायचा नाही. मी पुढे झाले की, "आजी, तुम्ही राहू द्या." दर वेळी तेच.

मला ते खटकायचं. आमच्या गावी आम्हाला विहिरीवर चढू देत नसत. आम्ही खाली ओंजळ धरायची आणि दुसऱ्याने वरून ओतायचं. पाण्यावर कोणी पहारा बसवला की तो कशासाठी, हे मला शाळेत शिकावं लागलं नाही. ही बाई ख्रिस्ती. पण माणूस आपल्या मुलखातून काय काय बरोबर आणतो, कुणी सांगावं?

एका शुक्रवारी ती ड्यूटी संपवून कॅम्पवर उशिरा आली. टाकी प्रकाशने भरून ठेवली होती. ती आली, पाइपाची पिशवी उघडली, वास घेतला. "प्रकाश, पाइप कुणाला दिला होतास?"

"नाही हो. मीच भरलं पाणी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली वाकली आणि टाकीची तोटी उघडली. सगळं पाणी वाळूत. सून नातीची दुधाची बाटली हातात घेऊन तशीच उभी. सिस्टर एवढ्यावर थांबली नाही, कात्री आणून चांगल्या पाइपाचे तुकडे केले.

माझं डोकं फिरलं. "आमच्या हाताचा विटाळ झाला का ग तुझ्या पाण्याला?"

तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्या हातात अर्धा प्यालेला ग्लास होता, घरून आणलेल्या पाण्याचा. तो तिने काढून घेतला आणि उरलेलं पाणी तोंड लावून पिऊन टाकलं. घोटभर पाण्याने माझी समजूत पटणार नव्हती. आमच्या हातचं पाणी नुसतं दाखवायला पिणारेही होऊन गेलेत.

सकाळी शेजारच्या कॅम्पातला हैदराबादी गृहस्थ खजूर घेऊन आला. "अम्मा, आपके बेटे ने पाइप दिया, शुक्रन! हमारा टॉयलेट का टंकी ऐसा साफ हुआ, क्या बोलूँ!"

मी प्रकाशकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघू लागला. खजूर मी ठेवून घेतले, त्यांचा काय दोष.

सिस्टर बाहेर वाळूत खुर्ची टाकून बसली होती. मी जाऊन विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"येताना पाहिलं. त्यांच्या मोरीपासून आपल्या टाकीपर्यंत पाइप ओढत आणल्याची ओली रेघ होती वाळूत."

"मग बोलली का नाहीस?"

"आईसमोर, बायकोसमोर त्याला खोटारडा म्हणू? पाणी ओतून दिलं, खलास."

"आणि मी तुला नको ते बोलले, ते?"

"ते लागलं," ती म्हणाली. "पण तुम्ही तोंडावर बोललात. माझ्या घरचे पाठीमागे बोलतात."

कोणाविषयी, ते मी विचारलं नाही. पण लक्षात ठेवलं.

पुढच्या वर्षी तिची आई अंथरुणाला खिळली आणि ती नोकरी सोडून वसईला निघाली. जाताना म्हणाली, "आजी, आमच्या अंगणात विहीर आहे. या. पोहरा तुम्ही स्वतः टाका."

"तुझ्या आईला चालेल?" मी विचारलं.

तिने लगेच हो म्हटलं नाही. लगेच म्हटलं असतं तर मी गेलेच नसते. ती म्हणाली, "ठाऊक नाही. पण मी तुमच्या शेजारी उभी असेन."

प्रकाशला मी सुट्टीचं तिकीट काढायला सांगितलं आहे. म्हातारीची खाट खिडकीपाशी आहे आणि तिथून विहीर दिसते, असं सिस्टर फोनवर म्हणाली. बरं आहे. मलाही तिचा चेहरा दिसेल.