बैल निवडताना नाना काय विचारतात

डॉ. वसंतराव देवरे यांना मी प्रथम पाहिले ते माझ्या बहिणीच्या गोठ्यात. गाय खाली पडली होती, मान पोटाकडे वळवून. बहीण रडत होती. डॉक्टर दारात उभे होते आणि नुसते बघत होते. या माणसाने आता बॅग उघडावी, असे मला झाले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हिला आधी छातीवर बसती करू. एका कुशीवर राहिली तर पोट फुगेल. या, हात लावा."

मी धुळ्यात एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. गायीतले मला फार कळत नाही. नानांनी (पारोळा भागात त्यांना सगळे नानाच म्हणतात) सरकारी नोकरीत आणि निवृत्तीनंतर पशुपैदाशीत जे काम केले, त्याविषयी या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी एका गायीविषयी आणि तिच्या लेकीविषयी लिहितो. मला नाना कळले ते त्यांच्यामुळे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, पारोळ्याजवळच्या खेड्यात एकटी राहते. तिची गाय एकच, बांडी. काळीपांढरी, संकरित, भरपूर दुधाची. अक्काचे घर तिच्यावर चालायचे आणि दिवसभरातले बोलणेही बहुतेक तिच्याशीच व्हायचे. ही गाय गेली तर अक्काला गाव सोडून माझ्याकडे यावे लागले असते, आणि तिला ते नको होते.

आमच्याकडे गाय व्याली की चीक गल्लीत वाटतात. घरोघर तांब्या जातो. ज्या घरी तो जात नाही, ते घर वर्षभर विसरत नाही. बांडीचे ते तिसरे वेत, म्हणजे तिसरे बाळंतपण.

"अक्का, चीक कितला काढा?" नानांनी विचारले. ते अक्काशी अहिराणीत बोलतात.

"बठ्ठा. थेंब ठेवा नही. गल्लीले दिधा ना!"

"वासरूले?"

"त्याले आधी पाजा. मी काय वेडी शे का?"

नाना हसले. कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरून ठेवली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली, गायीच्या मानेच्या शिरेत सुई घातली, आणि स्वतः नळी तिच्या छातीला लावून ऐकत बसले. "हळू. बाटली खाली घ्या. घाई केली तर काळीज थांबतं." हे त्यांनी मला सांगितले, पण आवाज गायीला समजावल्यासारखा होता. बाटली संपत आली तेव्हा बांडीच्या अंगाला कंप सुटला. तिने ढेकर दिला, शेण टाकले, आणि मागचे पाय सावरत उभी राहिली. अक्काने तिच्या गळ्याला मिठी मारली.

चहा घेताना नानांनी समजावून सांगितले. गावठी गायीचा चीक तांब्याभर असायचा. तो सगळा काढून वाटला तरी तिचे काही बिघडत नसे. बांडीचा चीक बादलीभर. त्यात जाणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, रक्तातूनच जातो. हाडांतला चुना सुटून रक्तात यायला वेळ लागतो, तेवढ्यात गाय बसते. गाय बदलली होती, वाटण्याची रीत तशीच राहिली होती. मधल्या फटीत बांडी पडली.

"पुढल्या खेपले पहिला दिवस वासरूपुरता काढा, वर थोडासा. गल्लीले तिसरा दिवशी द्या."

"तिसरा दिवसना चीकना खरवस व्हस का कोठे? लोके नाव ठेवतीन, नाना."

"मन्हं नाव सांगा. म्हणा, नानानी मनाई कयी. शिव्या माले देतीन."

अक्काच्या चुकीविषयी ते एक शब्द बोलले नाहीत. पुढे मी पाहिले, कुणाच्याच गोठ्यात ते बोलत नाहीत. दोष आपल्या नावावर घेतात आणि निघून जातात.

काही आठवड्यांनी बांडीने सरकीची ढेप खाणे सोडले. नाना पुन्हा आले. शेपटीच्या मुळाशी खोलगट झालेल्या जागेवर त्यांनी हात फिरवला आणि तिच्या तोंडाजवळ नाक नेले. मलाही वास घ्यायला लावला. गोडसर, पिकलेल्या फळासारखा वास होता. "हे दूध वैरणीतून येत नाही," ते म्हणाले. "अंगातून येतंय. पोटात जातं त्याहून जास्त ती कासेत उतरवते. चरबी वितळते, यकृत थकतं. तिला थांबता येत नाही. आपणच तिला तशी घडवली."

'आपण' हा शब्द त्यांनी सहज वापरला नव्हता. उमेदीच्या काळात या भागात जास्त दुधाच्या बैलांचे रेत त्यांनीच गावोगाव नेले होते. त्याने घरोघर दूध आले, हे ते नाकारत नाहीत. "दूध वाढवलं त्याचं दुःख नाही," ते मला एकदा म्हणाले. "बैलाच्या लेकी किती दूध देतात एवढंच मी विचारलं. त्या पुन्हा गाभण राहतात का, पाय कसे आहेत, किती वेतं टिकतात, हे विचारलंच नाही. मग न विचारलेलंही निवडलं जातं." साठी उलटल्यावर त्यांनी बैल निवडण्याचे आपले प्रश्न बदलले. त्या वयात माणसे बहुधा उत्तरेही बदलत नाहीत.

बांडी सावरली, माजावर आली. अक्काला रेताची कांडी पाहिजे होती ती जुन्याच, सर्वांत जास्त दुधाच्या बैलाची. नानांनी दुसरा सुचवला. लेकी दूध थोडे कमी देणार, पण टिकणार.

"नाना, तुमी म्हातारा व्हयनात, म्हणीसन बैल बी असा देतस का?"

"अक्का, म्हातारं व्हणं सोपं नही. या बैलन्या पोरी म्हाताऱ्या व्हतीस. हाऊच त्याना गुण शे."

अक्का हसली, पण तिची खात्री पटली नव्हती. तिने ऐकले ते गाय उभी केल्याच्या उपकारापोटी.

याच सुमारास नानांनी माझ्याकडून शेतकऱ्यांसाठी एक पत्रक लिहून घेतले. व्यालेल्या गायीची काळजी, चीक कधी काढावा, वैरण कशी वाढवावी. मी सुरुवात 'गाय ही आपली कामधेनू' अशी केली होती. त्यांनी पेन मागितले. "कामधेनू काढा. कामधेनूला खावं लागत नाही. ही खाते." मग 'मुबलक' खोडले, 'अमृततुल्य' खोडले. जे उरले ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सावद्यापर्यंत गेले आणि लोकांनी ते गोठ्याच्या भिंतीला चिकटवले. इतकी वर्षे मी मुलांना विशेषणे जपून वापरा म्हणून सांगत आलो. मला ते नीट समजले त्या दिवशी.

बांडी पुढच्या वेतात पडली नाही. तिला कालवड झाली, तीच चांदी. बांडी आता नाही, चांदीवर घर चालते. गेल्या हिवाळ्यात चांदी तिसऱ्यांदा व्याली. आई पडली होती तेच वेत. अक्का आठ दिवस धड जेवली नव्हती. नाना सकाळच्या गाडीने आले. गुडघे दुखतात, तरी आले. ते ओट्यावर बसले आणि अक्काने बेताने चीक काढला.

समोरच्या काकू तांब्या घेऊन दारात आल्या.

"परवा या," अक्का म्हणाली.

"काब्र? चीकबी आते सबुरीनाच भेटस का?"

"हां. नानानी सांगं. त्या बठा शेत, त्यासले शिव्या द्या."

काकूंनी नानांकडे पाहिले, पदर सावरला आणि निमूट परत गेल्या. दुसऱ्या दिवशी चांदी उभी होती. तिसऱ्या दिवशीही. दूध बांडीपेक्षा कमी आहे. ढेप तिने एक वेळही सोडली नाही.

दोन महिन्यांनी चांदी माजावर आली. नाना नवी कांडी घेऊन आले, बैलाचे गुण सांगू लागले. अक्काने त्यांना मध्येच थांबवले.

"त्यानी मायना पाय कसा व्हतात?"

बैलाच्या आईच्या पायांची माहिती नानांजवळ नव्हती. त्यांनी कांडीच्या थंड भांड्याचे झाकण परत लावले. "ईचारीसन सांगस," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी आधी पाहिला नव्हता. पुढच्या माजाला ते उत्तर घेऊन आले, आणि अक्काने होकार दिला.

नाना आता पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत. त्यांच्या कामाला घाई चालत नाही. चांदीला कालवड झाली, तर ती व्यायला तीन वर्षे लागतील, आणि ती टिकली की नाही हे कळायला त्याहून कितीतरी जास्त. तोवर नानांचे गुडघे त्यांना साथ देवोत, जेवण-झोप वेळेवर होवो, आणि गोठ्याच्या दारात उभे राहून नुसते बघण्याची त्यांना उसंत मिळो. उत्तर ऐकायला ते हवेत. अक्काचे पुढचे प्रश्न तयार आहेत.