साउथहॅम्प्टनच्या चर्चमध्ये माझी स्वाहिली

रीडिंगहून साउथहॅम्प्टनची गाडी धरली तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते. शीलाताईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. त्या मूळच्या अहमदनगरच्या, आता साउथहॅम्प्टनला नर्स. त्यांच्या चर्चमध्ये टांझानियातली काही कुटुंबं येतात. त्यांना इंग्रजी कळत नाही, म्हणून एक बाई मागच्या बाकावर बसून उपासनेचं स्वाहिली करत जातात. त्या हळू आवाजात माइकवर बोलतात आणि ऐकणाऱ्यांच्या कानात इअरफोन असतात. या रविवारी त्या आजारी होत्या. आणि मी तर दार-ए-सलामला संसार केलेली! 'स्वाहिली मला मराठीइतकीच येते,' हे मंडळाच्या गणपतीत मी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

विंचेस्टरपर्यंत नुसती हिरवी कुरणं आणि मेंढ्या. मी थेपले खात आरामात बाहेर बघत बसले. तयारी कसली करायची?

स्टेशनवर शीलाताई गाडी घेऊन आल्या होत्या. "वहिनी, आज मामा नेमांसाठी प्रार्थना आहे," त्या म्हणाल्या. (मामा म्हणजे आई, तिकडे मोठ्या बायकांना असंच म्हणतात.) "त्यांचा मुलगा गेला हो तिकडे. व्हिसाच्या भानगडीत मातीलाही जाता आलं नाही. पास्टर बोलतील ते त्यांच्या कानावर नीट पडू दे, एवढंच बघा."

"अहो, काळजीच सोडा," मी म्हटलं.

गाणी झाली, सूचना कशाबशा निभावल्या. मग पास्टरनी डोळे मिटले. या आईला धीर दे, तिच्या लेकराला तुझ्यापाशी विसावा दे, असं ते मागू लागले आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. माझी स्वाहिली सगळी स्वयंपाकघरातली. पाणी आण, भांडी घास, दार लाव, लवकर कर. आमच्या घरी कामाला असलेल्या जुमाशी मी एवढंच बोलत असे. धीर, विसावा हे शब्द मला कधी लागलेच नव्हते.

"देवा, आण," मी माइकवर म्हटलं. "देवा, लवकर. मुलगा तिकडे बस." देवाला मी घरगड्यासारखी कामं सांगत होते. एकेकाने इअरफोन काढून ठेवले. मामा नेमा मात्र तळव्याने तो कानाशी दाबून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

नंतर हॉलमध्ये चहा होता. मी सटकायच्या बेतात असताना मामा नेमाच मंदाझी (वेलची घातलेल्या गोड, फुगीर पुऱ्या) घेऊन समोर आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "पोले साना, मामा."

स्टेशनवर सोडताना शीलाताई एवढंच बोलल्या, "आधी सांगायचं ना वहिनी. मी नुसती त्यांचा हात धरून बसले असते."

परतीच्या गाडीत बाहेर बघवेना. 'पोले' म्हणजे 'फार वाईट झालं हो, सोसा.' माझं डोकं दुखलं, ठेच लागली, की जुमा लगेच म्हणायचा, "पोले, मामा." म्हणजे हा शब्द मला येत होता. माइकवर तेवढा एकच म्हटला असता तरी त्या आईला पुरला असता. पण तो नेहमी मला कुणीतरी म्हणायचं. मी कधी कुणाला म्हटलाच नव्हता. आणि हात धरून त्या बाईंनी म्हटला तेव्हाही मी काय केलं? 'असांते' (आभारी आहे) म्हणाले आणि मंदाझी उचलली.