ह्यांचा किल्ल्यांचा जुडगा

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ऑटो पार्टचा दुकानदार बोलत होता. "वैनी, भाऊ बाकावर बसलेत... उठूनच नाही राहिले. तुमी लवकर या." मी "येते" म्हटलं आणि हातातली जुडी आधी निवडून पूर्ण केली. का केली, ते मला अजूनही सांगता येत नाही. हे गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी आणायला त्याच्या दुकानात गेले होते. ती बाटली ह्यांच्यासोबतच घरी आली, मी ती फळीवर ठेवली, अजून तिथंच आहे. ह्यांच्या मागचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, पण मला रडू काही आलं नाही. बायका म्हणायच्या, "बाई, रडून घे, मोकळी हो." रडू म्हणजे काय नळाचं पाणी आहे, तोटी सोडली की यायला?

हे म्हणजे वामनराव, आखाडा बाळापूरचे रिटायर वायरमन. भर पावसात कुठल्या खांबाजवळ लाईन तुटली असेल, हे घरी बसून सांगणारा माणूस. पण दारातली गाडी काही ह्यांना दाद देईना. आठवडाभर गुणी लेकरासारखी चालायची आणि नेमकं लग्नाला निघालो, की किल्ली फिरवावी तर ढिम्म. मग हे मागून ढकलणार आणि मी स्टेअरिंगवर. मी गाडी शिकले ती अशी. "क्लच सोड... आता सोड!" हे ओरडायचे, मी सोडायची, गाडी हिसका देऊन चालू व्हायची आणि मी एकटीच पार चौकापर्यंत पुढं, कारण थांबले तर पुन्हा बंद पडेल ही धास्ती. धापा टाकत हे यायचे आणि वर मलाच विचारायचे, "काहून पळून राहिली वं? मला घ्यायचं हाय का न्हाई?"

गल्लीला फुकटची करमणूक. "वायरमनची गाडी अन् धक्क्यावर!" ह्यांना राग म्हणून यायचा नाही. हे आधी हेडलाईट लावून किल्ली फिरवायचे. लाईट मंद झाली तर बॅटरीत दम नाही, तशीच राहिली तर रोग पुढं कुठंतरी. बॅटरी बदलली, तिची टोकं घासून चकचकीत केली, अर्थिंगची वायर नवी टाकली, स्टार्टर खोलून झाला. दर वेळी थोडे दिवस बरं, मग येरे माझ्या मागल्या. आणि स्टँडजवळच्या रशीदभाई मिस्त्रींच्या गॅरेजात तर ती कधी म्हणजे कधी अडली नाही. दिवसभर चालू-बंद करून ते म्हणायचे, "गाडी तो बराबर है भाऊ, तुमारे घर जाकेच नखरे करती."

पुण्याहून आमचा नितीन म्हणायचा, "बाबा, विकून टाका ना." ह्यांचं उत्तर ठरलेलं. "खोट सापडल्याबिगर न्हाई विकायची. आपली तकलीफ दुसऱ्याच्या गळ्यात मारायची व्हय?" हा प्रामाणिकपणा होता की गाडी न विकायचा बहाणा, हे मी कधी विचारलं नाही.

ह्यांच्याजवळ अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या असायच्या. कोणी ऊसतोडीला निघालं, कोणी लेकीच्या बाळंतपणाला, की कुलूप घालायचं आणि किल्ली ह्यांच्या हातात. आमच्या बुद्धविहाराचीसुद्धा. सगळ्या एकाच कडीत, गाडीच्या किल्लीसोबत, म्हणजे हरवायच्या नाहीत. गाडी चालली की तो जुडगा ह्यांच्या गुडघ्याशी खुळखुळायचा. मी म्हणायची, "तुमी वायरमन का जेलर?"

हे गेल्यावर माणसं भेटायला आली. बसायची, चहा प्यायची आणि निघताना चपलेत पाय घालता घालता म्हणायची, "काकू... ती आमची किल्ली तेवढी..." त्यांचं तरी काय चुकलं? मी कडीतून काढून द्यायची. विहाराची किल्ली न्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाबांना जयभीम म्हणताना रडू फुटलं. मला काही फुटलं नाही. शेवटी कडीत गाडीची एकटी किल्ली राहिली.

मग बँकेत, दवाखान्यात मीच गाडी नेऊ लागले. एकदाही अडली नाही! मला संतापच आला. ह्यांच्या जिवंतपणी काहून नाही अशी वागलीस? तशीच रशीदभाईंकडे नेली. ते म्हणाले, "भाभी, चालू नै होती बोलके लोगां आते. तुम चालू होती बोलके आये?" मग त्यांची नजर किल्लीवर गेली. "वो गुच्छा कहां गया?"

"ज्याचं त्याच्या घरी," मी म्हटलं.

त्यांनी ती किल्ली हातात घेऊन तोलून बघितली. मग गॅरेजच्या शटरच्या, कपाटाच्या सगळ्या किल्ल्या त्यांनी त्या कडीत लटकवल्या आणि किल्ली फिरवली. चालू. पुन्हा चालू. तिसऱ्यांदा ढिम्म. त्यांनी लोंबणारा भार तळहातावर उचलून धरला आणि फिरवली. चालू. भारानं आतला स्विच झिजला होता, कधी टेकायचा, कधी नाही. गॅरेजात गाडी सोडताना मात्र हे जुडगा काढून खिशात घालायचे आणि एकटी किल्ली देऊन यायचे. "लोकांची घरं हायत ही, अशी टाकून कसा जाऊ?" म्हणायचे. रशीदभाई म्हणाले, स्विच आत्ता बदलून देतो. मी म्हटलं, "राहू द्या."

मागच्या आठवड्यात समोरची गंगाबाई लेकीकडं निघाली. किल्ली मुठीत धरून दारात घुटमळली. "भाऊजीपाशी ठिवत होते... तुमच्यापाशी ठिवू का?" मी घेतली आणि कडीत घातली. तिचं बघून आणखी दोघी आल्या. परवा विहाराचीही परत आली.

आज सकाळी बाजारला निघाले. किल्ली फिरवली. ढिम्म. सवयीनं आरशात मागं बघितलं... मागं कोणीच नव्हतं. तेव्हा मला रडू आलं. स्टेअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडले.

तेवढ्यात नितीनचा फोन. "आई, गाडीला गिऱ्हाईक आलंय. ती खोट सापडली का गं?"

डोळे पुसले. जुडगा अजून हलत होता.

"न्हाई रे बाळा," मी म्हटलं, "अजून न्हाई सापडली."