वरच्या कुंडीतून निघीन

सुपडू विहिरीसारख्या खोल कुंडीत उतरला तेव्हा मुकादम भाईदास तंबाखू मळत, दोर धरून बसलेल्या कडूला म्हणाला, "तुझा हा भाऊ किती वेळात परत येईल?"

"परत नाही येत," खालून सुपडूच बोलला. "वरच्या कुंडीतून निघीन. दोर तिकडं सोडा."

"सोडतो, सोडतो," कडू हसला. "आधी जा तर!"

इंग्रजी अमदानीतल्या त्या उन्हाळ्यात बुऱ्हाणपुरात पाणी कमी येऊ लागलं होतं. सातपुड्याकडचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुंडीमागून कुंडी ओलांडत शहरात येई आणि वाटेत चुन्याचा थर धरी. तो फोडायचं काम फोपनारच्या सुपडूचं. मागल्या साली 'फोडूनच येतो' म्हणून उतरलेला तो अर्ध्यातून पळून आला होता. लोक हसले ते त्याने सोसलं. पण पुढे त्याचा स्वतःच्याच बोलण्यावर भरवसा उरला नाही. तेव्हापासून तो बोले कमी. बायकोला, मालूबाईला, सकाळी आपण करायचं एकच काम सांगे आणि ते करूनच जेवे. एकदा काट्यांचं कुंपण त्याने अंगात ताप असताना बांधलं.

"काटे काय पळून चालले होते?" मालूबाई करवादली होती.

आत बोगदा आवळत गेला. कमरेचा दोर चुन्याच्या कंगोऱ्यात अडकू लागला. मागच्या वेळी तो इथूनच फिरला होता. दोर सोडला तर वर बसलेल्यांना तो कुठे आहे ते कळणार नव्हतं. त्याने गाठ सोडली.

पुढे बोगदा जवळजवळ बुजवलेल्या थराच्या पायथ्याशी छिन्नीने भोक पडताच पलीकडे तुंबलेलं पाणी छातीवर आदळलं. दिवा विझला. भिंतीला पाठ लावून तो जोर ओसरेपर्यंत उभा राहिला आणि मग अंधारातच चाचपत थर फोडू लागला.

वरच्या कुंडीत आला तेव्हा डोक्यावर आभाळाचा गोल तुकडा दिसला. दोर नव्हता. त्याने हाका मारल्या. हा मागल्यासारखा उतरला तिथूनच परत येणार, असं धरून सगळे खालच्या कुंडीवरच बसून होते. भिंत गुळगुळीत, पाय थंडीने बधिर. परत जायला बोगदा मोकळा होता. तो गेला नाही.

बऱ्याच वेळाने धावती पावलं वाजली. कडू वाकला. चेहरा पांढराफटक. खालच्या कुंडीत चुन्याने दुधासारखं झालेलं पाणी चढलं होतं आणि ओढलेला दोर रिकामाच वर आला होता.

"जिता आहेस का रे?"

"दोर टाक."

वर येऊन सुपडू उन्हात बसला. भाईदास खूश होता. "उद्या पुढची कुंडीपण करून टाकशील ना?"

मागल्या साली त्याने लगेच मान डोलावली असती.

"आधी उतरून बघतो," सुपडू म्हणाला. "मग सांगतो."