जित्या बाईची तिरडी

माझ्या मोठ्या जावेले, रुखमाबाईले, रिकाम्या हातानं बोलताच येत नव्हतं. गावच्या विहिरीत बेडूक सडला होता आन् पंचायतीत सगळे पुरुष "पाहू, करू" म्हणत बसले होते. बाईनं तो बेडूक पळसाच्या द्रोणात घेतला आन् सरपंच नानाजीभाऊच्या मांडीवर नेऊन ठेवला. "तुमची नातवंडं हेच पानी पिऊन राह्यली, भाऊ." दुसऱ्या दिवशी विहीर उपसली. मी पुसलं, "बाई, असं काऊन करता?" तर म्हणे, "कानात गेलेलं निंगून जाते. डोळ्यात गेलेलं खुपत राह्यते."

लोक तिले आगाऊ म्हणत. म्हणोत बापडे! त्यातल्या एकाची तरी सभेत तोंड उघडायची हिंमत होती काय?

मालगुजाराची जमीनदारी गेली आन् आमच्या गावाभोवतीचं जंगल सरकारात गेलं, तवाची गोष्ट. आधी घराले बास म्हंजे बांबू, नांगराले लाकूड आणलं तर कुणी पुसत नव्हतं. आता जंगलाचा नाकेदार कुऱ्हाडी हिसकून घेऊन राह्यला होता. लोक चूप. मंग भर पावसाळ्यात आमचा सासरा गेला. तिरडीले ओला बास लागते, त्याच दिवशी तोडलेला. आमची माणसं बास घेऊन आली, तर नाकेदारानं शिवेवरच धरली. "परवाना कुठी आहे?" मेलेला माणूस दारात, आन् याले परवाना पाहिजे! बास गेले, कुऱ्हाडही गेली. शेवटी सासऱ्याले खाटेवर घालून मसनात नेलं. आमच्यात असं कुणाले नेत नाईत. दोघं भाऊ, माझा नवरा आन् माझे मोठे दीर, म्हंजे रुखमाबाईचे मालक वारलूभासरे, माना खाली घालून चालले. रुखमाबाई रडली नाई. दातओठ खात उभी होती.

दिवाळीनंतर दवंडी आली. मोठा जंगलसाहेब चामोर्शीच्या बाजारात सभा घेणार, लोकाइचं ऐकणार. गावानं ठरवलं, नानाजीभाऊ बोलतील. रुखमाबाई म्हणे, "मी बोलीन. तिरडी घेऊन जाईन."

अरे बाप्पा! घरात आग लागली जशी. रिकामी तिरडी बांधली का घरातलं माणूस जाते, असं आमच्याकडं मानतात. माझा नवरा तिच्या पाया पडला. वारलूभासरे तर उठलेच, "तिरडी बांधशील तं या घरात पाय ठेवू देणार नाई."

"तुमच्या बापाले खाटेवर नेलं, तवा कुठी होता हा रुबाब?" बाई बोलली.

भासरे खाली बसले. बाईनं परसातल्या मांडवाचे बास उपटले, आपल्या हातानं तिरडी बांधली. भेव मलेही वाटत होतं, खोटं काऊन बोलू? पण तिनं पुढचं टोक धरलं, तसं मागचं मी धरलं. मरायचं तं मरू, पण ही एकटी नाई जाणार.

बाजारात लोक आम्हाले पाहून बाजूले सरले. नानाजीभाऊचं "मायबाप सरकार" चालू होतं, तेही थांबलं. आम्ही तिरडी साहेबाच्या टेबलापुढं ठेवली. साहेब उभा राह्यला, टोपी काढली. "कोण गेलं?"

"मी जाऊन राह्यली," रुखमाबाई म्हणे, आन् तिरडीवर आडवी झाली. "पोरगं झालं तं बासाचा पाळणा. धान झालं तं बासाचं सूप. घराच्या भिंती बासाच्या. माझ्या सासऱ्याले शेवटचा बासही नाई भेटला. आता सांगा साहेब, मले कशावर नेता?"

साहेबाचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "आजपासून तिरडीच्या बांबूला परवाना लागणार नाही." लोकाइनं टाळ्या पिटल्या. नानाजीभाऊ धावत आले, "ऊठ बाई, झालं काम."

"मेलेल्याइले भेटलं," ती पडल्यापडल्या बोलली. "जित्याइले द्या, मंग उठीन."

आता साहेब तापला. "उचला हिला!" शिपाई पुढं आले आन् थबकले. जित्या बाईची तिरडी कोण उचलंल? एकानं तर हातच पाठीमागं नेले. साहेब पाय आपटत आपल्या बंगल्याकडं निंगून गेला.

तेवढ्यात गर्दीतून वारलूभासरे आले. डोळे लाल. मले वाटलं, आता हे तिले फरफटत घरी नेतात. ते वाकले आन् तिरडीचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मंग माझा नवरा आला. मंग नानाजीभाऊ, आन् गावचा आणखी एक जण. तिरडी उठली आन् साहेबाच्या मागं निंगाली. सारा बाजार संगं.

"हळू चाला," वरून रुखमाबाई बोलली. "हातपाय मोडले तं खरंच मरीन."

बंगल्याच्या फाटकात साहेब ओरडला, "काय पाहिजे तुम्हाला?"

जन्मात सभेत न बोललेले माझे भासरे बोलले, "घराले बास, नांगराले लाकूड. तवर खाली ठेवत नाई."

साहेबानं गर्दीकडं पाह्यलं, कपाळ पुसलं. "बरं, न्या बांबू-लाकूड."

"इथी नाई," भासरे म्हणाले. "बाजारात, सगळ्याइपुढं सांगा."

तिरडी वळली. आन् मसनाच्या वाटेले चालतात तसा मोठा जंगलसाहेब, टोपी हातात घेऊन, आमच्या जित्या रुखमाबाईच्या मागं मागं चालत आला.